कंसातलं अस्थायी

बाबांच्या ऑफिसचा शिक्का लांबट होता. वरच्या ओळीत 'नदी संरक्षण कार्यालय', खाली 'वाराणसी' आणि त्याच्यापुढे कंसात 'अस्थायी'. रद्दीत जाणारे कागद बाबा घरी आणत आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी कॉलेजचे निबंध आधी कच्चे लिहून काढत असे. त्यामुळे तो शिक्का, उलटा आणि कागदातून पाझरलेला, माझ्या प्रत्येक निबंधात कुठे ना कुठे असायचाच. आईला हिंदी वाचायची फारशी सवय नव्हती. तिला बरेच दिवस वाटत होतं, की अस्थायी हा बनारसमधलाच एखादा मोहल्ला असावा आणि बाबांचं ऑफिस तिथे असावं.

ऑफिस दशाश्वमेधाजवळच्या एका गल्लीत, भाड्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन खोल्या होत्या. एकीत टेबलं आणि कपाट, दुसरीत पाणी तपासायची काचेची भांडी. गंगेचं पाणी रोज तपासायचं, कुठल्या नाल्यापाशी ते किती बिघडतं ते लिहून वर कळवायचं, हे त्या ऑफिसचं काम. काम सरकारी होतं, पण ऑफिस एका योजनेपुरतं काढलेलं होतं. योजना दरवर्षी मार्चअखेर संपायची आणि त्याच्या आगेमागे लखनौहून पत्र यायचं, की आणखी एक वर्ष चालवा. ते पत्र येईपर्यंत बाबा जेवताना बोलत नसत. माझी परीक्षाही त्याच सुमारास असायची, म्हणून आई सकाळी आम्हा दोघांच्याही हातावर दही-साखर ठेवायची.

"नदी काही एकतीस मार्चला संपत नाही," बाबा म्हणायचे. "मग ऑफिस कसं संपतं?"

आम्ही ब्रह्मा घाटाजवळ राहत होतो. आजोबा यात्रेकरूंच्या अन्नछत्रात स्वयंपाकी म्हणून आले आणि इथलेच झाले. बाबा चार वर्षं वेदपाठशाळेत गेले, मग ते सुटलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांना घाट दाखवणं, त्यांच्या श्राद्धाची सामग्री आणून देणं, असली कामं ते करत. नदीच्या ऑफिसला पहाटे उठणारा आणि सगळे घाट पायाखालचे असणारा माणूस हवा होता, तेव्हा त्यांना घेतलं. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्याचा मला अभिमान होता असं आता लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे तेव्हा मला भीती जास्त वाटायची.

भीती भाषेची होती. घरी आम्ही मराठी बोलायचो, पण ती अर्धी हिंदीत भिजलेली. मध्य प्रदेशातल्या सागरहून मामा आला की म्हणायचा, "तुमची मराठी मला समजावून सांगायला कुणीतरी पाहिजे." आणि कॉलेजात माझी हिंदी मराठीत भिजलेली निघायची. पहिल्याच वर्षी एका मुलीनं माझी वही न विचारता नेली, तेव्हा मी तिला म्हणाले, "मुझे बहुत राग आया." ती म्हणाली, "कौन-सा? भैरवी?" सगळा बाक हसला. रागाला हिंदीत राग म्हणत नाहीत, हे मला माहीत होतं. पण खरोखर राग आला की घरचाच शब्द तोंडात येतो. त्यानंतर मी वर्गात प्रत्येक शब्द दोनदा तपासून मगच बोलायची.

बाबांचं काम मी सुट्टीच्या दिवशी पाहिलं आहे. उजाडताना ते आणि ऑफिसनं लावलेले नाववाले काका होडी काढत. काका बाबांपेक्षा वयानं मोठे, जातीचे मल्लाह, आणि गंगेबद्दल कुणी काहीही बोललं तरी त्यांच्याकडे त्यावर उत्तर असायचं. ठरलेल्या जागी होडी थांबवायची. बाटली त्याच पाण्यानं दोनदा विसळायची, मग तोंड प्रवाहाकडे करून बुडवायची आणि आत एकही बुडबुडा न ठेवता बूच लावायचं. एका बाटलीत तिथल्या तिथे दोन औषधांचे थेंब टाकत. पाण्यात हवा भरपूर असेल तर तळाशी गडद तपकिरी साका बसे, नसेल तर तो पांढुरका राही. नाल्यांच्या तोंडाशी तो पांढुरकाच असे. बाबा बाटली उजेडात धरून बघत आणि चिठ्ठी लिहीत: जागा, वेळ, पाण्याची उष्णता. कोऱ्या रकान्याचं त्यांना वावडं होतं. दिवाळी असो, ताप असो, ते जायचे. "खाडा पडता कामा नये," म्हणायचे. पाठशाळेत एक दिवस बुडवला की आधीचे चार दिवस वाया जातात असं त्यांना शिकवलेलं होतं. त्यातलं बाकी बरंच विसरलं, पण हे राहिलं.

ब्रह्मा घाटावर सगळ्यांना ही नोकरी पसंत नव्हती. शेजारी एक वयस्कर गुरुजी होते, जन्मभर अध्यापन केलेले. बाबा परत येताना दिसले की ओट्यावरून हाक मारायचे.

"काय रे, आलास आईची नाडी बघून? ताप किती आज?"

"आहे थोडा," बाबा म्हणायचे.

"गंगेत दोष काढायची नोकरी! कलियुग म्हणजे आणखी काय असतं?"

बाबा नमस्कार करून पुढे जायचे. घरी आल्यावर मात्र पायांवर पाणी घेता घेता म्हणायचे, "ताप बघितला म्हणून ताप येत नाही ना."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, नव्वदीच्या मध्याची गोष्ट. त्या हिवाळ्यात ऑफिसात बातमी आली, की योजना या मार्चला खरोखरच संपते आहे. साहेबांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. उरले होते दोन तपासनीस, चौकीदार, बाबा, नाववाले काका आणि बडे बाबू. म्हणजे हेडक्लार्क. बडे बाबू मुलीच्या लग्नासाठी बलियाकडे गावी गेले होते. बाकीच्यांनी ठरवलं, की लखनौला विनंतिपत्र पाठवायचं. दरवर्षी एकेक वर्ष नको, ऑफिसच पक्कं करून टाका, म्हणजे पुन्हा कुणाला मार्चची वाट बघावी लागणार नाही. पण लिहिणार कोण? तपासनिसांना इंग्रजी आकड्यांची सवय. बाबा म्हणाले, "हमारी बिटिया बी.ए. में है. वो लिखेगी."

हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी घाबरले. म्हणाले, "बाबा, मला सरकारी हिंदी येत नाही."

"सरकारी कशाला, साधं लिही," ते म्हणाले. "पगार वाढवा असं काही लिहायचं नाही. इतकंच लिही, की ऑफिस कायम करावं. नदी रोज वाहते, तर तिची तपासणी पण रोजची पाहिजे. झालं."

मी तीन संध्याकाळी घालवल्या. नदी रोज बदलते, म्हणून एका वर्षाच्या नोंदींना दहा वर्षांच्या नोंदींशिवाय अर्थ नाही, असं बाबा सांगत ते मी माझ्या शब्दांत लिहिलं. मागणीचं वाक्य शेवटी होतं: 'अतः विनम्र निवेदन है कि इस कार्यालय को कायम किया जाए.' कायम या शब्दापाशी मी थांबले होते, हे मला चांगलं आठवतं. भैरवीचा प्रसंग विसरले नव्हते. म्हणून दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मी हिंदीचा मोठा कोश उघडला. कायम त्यात होता. शब्द हिंदीत आहे एवढं पाहून मी कोश मिटला. पुढे अर्थ काय दिला आहे तो वाचला नाही, कारण अर्थ मला माहीतच होता.

रविवारी बाबा मला ऑफिसात घेऊन गेले. मी उभी राहून सगळं वाचून दाखवलं. चौकीदार म्हणाला, "वाह! जैसे कोई वकील बोल रहा हो." एकट्या नाववाल्या काकांनी नकारार्थी मान हलवली.

"कायम करो? कायम त हइये हौ, बिटिया! भागल कहाँ जात हौ ई दफ्तर?"

म्हणजे, आहेच की कायम, पळून थोडंच चाललंय. सगळे हसले, मीही हसले. काकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी बोलायचंच असतं, असं आम्ही धरलं. मग सह्या झाल्या. काकांनी अंगठा दिला. ऑफिस बंद पडलं तर उत्तर कुठे येणार, म्हणून पहिली सही बाबांची आणि पत्ता आमच्या घरचा दिला. पत्र रजिस्टर्ड पोस्टानं गेलं.

उत्तर इतक्या लवकर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. फेब्रुवारी संपत आला होता. पोस्टमननं लांब पाकीट दिलं. बाबांनी चष्मा लावला, पण वाचायला माझ्याकडेच दिलं. दोनच ओळी होत्या. विषय, संदर्भ, आणि मग: 'उक्त कार्यालय पूर्व से ही कायम है. अतः इस संबंध में कोई कार्यवाही अपेक्षित नहीं है.'

मी मराठीत सांगितलं, "बाबा, ऑफिस आधीपासूनच कायम आहे म्हणतात. आणखी काही करायची गरज नाही."

बाबांनी कागद हातात घेतला. "आधीपासूनच?"

"पूर्व से ही."

"मग हे लोक दरवर्षी पत्र कशाला पाठवत होते?" ते म्हणाले, पण चेहरा उजळत चालला होता. "कुठल्या तरी कपाटात ऑर्डर पडून राहिली असणार. सरकारी काम!" आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबा बाहेर जाऊन पेढे घेऊन आले, आणि पहिला पेढा त्यांनी कुणाला दिला असेल तर शेजारच्या गुरुजींना.

"गुरुजी, नोकरी कायम झाली."

"कुणाची? तुझी, की तापाची?" गुरुजी म्हणाले, पण त्यांनी दोन पेढे उचलले.

दुसऱ्या दिवशी मी ते पत्र आणि माझ्या विनंतिपत्राची प्रत कॉलेजात नेली. हिंदीच्या मॅडमना दाखवायची होती. मी लिहिलेल्या हिंदीला लखनौहून उत्तर आलं, हे कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. मॅडमनी आधी माझी प्रत वाचली, मग उत्तर वाचलं, मग पुन्हा माझी प्रत.

"तुम्हारे यहाँ कायम का क्या मतलब होता है?" त्यांनी विचारलं.

"पक्का, मॅडम. हमेशा के लिए."

"मराठी में?"

"जी."

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, की हिंदीत एखादी गोष्ट कायम आहे म्हणजे ती आहे, टिकून आहे. आणि कायम करना म्हणजे स्थापन करणं, उभं करणं. मी लखनौला लिहिलं होतं, की ऑफिस स्थापन करा. त्यांनी कळवलं होतं, की ऑफिस तर आधीच अस्तित्वात आहे.

"अर्जी बहुत अच्छी हिंदी में है," त्या म्हणाल्या. "गलती भी अच्छी हिंदी में है. इसीलिए किसी ने पकडी नहीं."

नाववाल्या काकांनी पकडली होती, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या दिवशीचे पुढचे तास मी बसले नाही. रिक्षा न करता चालत निघाले, म्हणजे घर उशिरा येईल. ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर बाबा भेटले. ऑफिसातून आले होते आणि रिकाम्या बाटल्यांची पेटी धूत बसले होते. मी शेजारी बसले आणि एका दमात सांगून टाकलं. कोश उघडला होता, पण अर्थ वाचला नव्हता, हेही सांगितलं. ते सांगितलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं.

बाबा पेटी धुवत राहिले. एका बाटलीचं बूच सैल होतं, ते त्यांनी काढून पुन्हा बसवलं.

"म्हणजे कायम नाही."

"नाही."

"पेढे तर वाटून झाले." त्यांनी पुढची बाटली उचलली. "मग बरोबर शब्द काय आहे?"

"स्थायी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तो तर शिक्क्यावर होता की," ते म्हणाले. "रोज बघत होतो आपण."

यापेक्षा जास्त ते मला कधीच बोलले नाहीत. संध्याकाळी गुरुजींनी ओट्यावरून विचारलं, "काय रे, असं ऐकतो की नोकरी पुन्हा कच्ची झाली? कालचे पेढे परत करायचे का?"

"पचले असतील तर राहू द्या, गुरुजी," बाबा म्हणाले.

बडे बाबू गावाहून परतले तेव्हा मार्च सुरू झाला होता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि कपाळाला हात लावला. मग नवं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. ते अर्ध्या पानाचं होतं. नदीच्या नोंदींबद्दल मी लिहिलेल्या ओळी मात्र त्यांनी तशाच ठेवल्या. शेवटी लिहिलं: 'कार्यालय एवं उसके पदों को स्थायी घोषित किया जाए.' मी विचारलं, "बडे बाबू, मैं ठीक लिखती तो अब तक हो जाता?" ते पाकिटाला डिंक लावत होते. म्हणाले, "बिटिया, तुम ठीक लिखतीं तब भी मार्च मार्च ही रहता." हे खरं होतं, की माझं मन राखण्यासाठी होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या पत्राला एक महिनादेखील मिळाला नाही, इतकं खरं.

एकतीस मार्च आला. पत्र आलं नाही. त्या संध्याकाळी चौकीदारानं दोन्ही खोल्यांना कुलूप लावलं.

एक एप्रिलला पहाटे जाग आली तर बाबा नेहमीसारखे तयार होते. आई दारात उभी होती.

"कुणी सांगितलंय तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग?"

"खाडा पडेल."

आई म्हणाली, "ऑफिसच नाही तर खाडा कुणाचा?" बाबा चप्पल घालून निघाले. बाटल्या आणि औषधं कुलपाच्या आत होती. पण थर्मामीटर होडीच्या पेटीत राहिला होता, आणि डोळे, नाक आपलेच होते. नाववाल्या काकांना यात्रेकरू न्यायचेच होते. ते म्हणाले, "चला, पहिला फेरा तोहार." त्याच त्या जागी होडी थांबवून बाबा पाण्याची उष्णता, रंग, वास आणि कुठल्या पायरीपर्यंत पाणी आहे ते मनात धरून आणत. शिंदे घाटावर खचलेल्या देवळाचा कुठला थर पाण्याच्या वर दिसतो, ते सांगत. मग दिवसभर ते पूर्वीसारखे दशाश्वमेधावर यात्रेकरूंच्या मागे फिरत. दुपारी मी ते सगळं एका शंभरपानी वहीत लिहून काढायची. परीक्षा सुरू होत्या, तरी लिहायची. मला तेवढं तरी करायचं होतं. हिंदीतच लिहायची आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ कोशात बघायची, 'गंदला' आणि 'मटमैला' यांतला फरकसुद्धा.

मे महिन्यात पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं, मग आषाढात चढू लागलं. वही अर्ध्याहून जास्त भरली. एखाद्या दिवशी मला वाटायचं, की याचा कुणालाही उपयोग नाही, आणि आम्ही दोघं माझ्या चुकीचं प्रायश्चित्त घेत आहोत. हे मी बाबांना विचारलं नाही. ते 'नाही' म्हणाले असते तरी माझा विश्वास बसला नसता.

श्रावणाच्या तोंडावर पत्र आलं. ऑफिस स्थायी नाही, पण पुन्हा एक वर्ष चालवा, आणि पुढचा निर्णय पाहणीनंतर. कुलूप निघालं. बडे बाबूंनी माझी वही कपाटात सरकारी रजिस्टरांच्या शेजारी ठेवली. "रहने दो," म्हणाले. "जगह तो है."

पाहणीसाठी लखनौहून साहेब हिवाळ्यात आले. त्या दिवशी बडे बाबूंनी मला बोलावून घेतलं. वही माझ्या अक्षरात होती आणि कुणी विचारलं तर वाचायला कुणीतरी हवं होतं. साहेब चाळिशीचे, घाईतले. एकेक रजिस्टर काढून चाळत होते. मार्चच्या रजिस्टरानंतर त्यांच्या हाती ती वही आली. कव्हरावर पाढ्यांचं कोष्टक होतं.

"ये क्या है?"

बडे बाबूंनी सांगितलं, की ऑफिस बंद होतं तेव्हाच्या नोंदी आहेत.

"बंद था तो एंट्री किसके आदेश से हुई?"

सगळे बाबांकडे बघू लागले. बाबा हात मागे बांधून उभे होते. मला वाटलं, आता हा अपराध ठरणार.

"साहब," बाबा म्हणाले, "खाडा नहीं पडना चाहिए था."

"क्या नहीं पडना चाहिए था?"

"खाडा."

साहेबांनी बडे बाबूंकडे पाहिलं. बडे बाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मला हिंदी शब्द आठवेना. इतका कोश चाळला, पण हा एक शब्द कधी शोधला नव्हता. दाराशी बसलेले नाववाले काका म्हणाले, "नागा, साहब! नागा न होय, ई कहत हउवन. रोज का काम हौ, त रोज होय के चाही."

"अच्छा, नागा," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. मला म्हणाले, "पढो, जून का कोई दिन पढो." मी वाचलं. नाल्याच्या तोंडाशी पाणी काळपट, वास तीव्र, प्रवाहात पन्नास हात पुढेही कमी नाही. त्यांनी पुढचा दिवस वाचायला सांगितला. मग त्याच्या पुढचा. मग स्वतः वही घेऊन पानं उलटत राहिले. त्यांचा चहा गार झाला. उठताना त्यांनी विचारलं, "एक भी दिन खाली नहीं है?" बाबा म्हणाले, "एक है, साहब. जुलाई में. नाव उलट गई थी." काका मान खाली घालून हसले. ही गोष्ट घरी कुणालाच माहीत नव्हती. त्या दिवशीची नोंद मला मिळाली नव्हती आणि बाबांनी सांगितलं होतं, की आज डोकं दुखतंय.

त्या वहीमुळे सगळं झालं असं मी म्हणणार नाही. अशी ऑफिसं आणखीही होती आणि निर्णय सगळ्यांचा एकत्रच झाला, असं बडे बाबू सांगत. पण माझा तिसऱ्या वर्षाचा निकाल लागायच्या सुमाराला लखनौहून आदेश आला, पहिल्या अर्जावरच्या आमच्या घरच्याच पत्त्यावर. या वेळी मी बाबांना कागद मराठीत सांगितला नाही. जसा होता तसा वाचला. 'स्थायी घोषित किया जाता है.' पदंही स्थायी झाली होती, बाबांचंही. खाली एक कलम होतं, की पेन्शनसाठी सेवा आदेशाच्या दिवसापासून धरली जाईल. त्याआधीची वर्षं त्यात येणार नव्हती. ते चार महिने तर नाहीच नाही. बाबांच्या निवृत्तीला तेव्हा थोडीच वर्षं उरली होती.

मी ते कलम दोनदा वाचलं, चुकून काही वेगळं वाचत नाही ना म्हणून.

"बरोबर वाचलंस," बाबा म्हणाले. "ऑफिस झालं ना कायम?"

"झालं."

"कुठलं कायम? आपलं, की त्यांचं?"

"दोन्ही."

पेढे या वेळी त्यांनी दुसऱ्या दिवशी, बडे बाबूंनी कागद वाचल्यावर घेतले.

ते पेढे घेऊन मी ऑफिसात गेले तेव्हा बडे बाबू खिडकीशी बसून शिक्का खरडत होते. नवा शिक्का मंजूर होऊन यायला महिने लागणार होते आणि रोजची पत्रं तर जायची होती. दाढीच्या पात्यानं त्यांनी शिक्क्याच्या रबरावरून एक अक्षर अलगद कापून काढलं. शाईच्या गादीवर शिक्का दाबला आणि एका कोऱ्या कागदावर उमटवला. कंस सुरू झाल्यावर थोडी मोकळी जागा, आणि मग 'स्थायी'. काका वाकून बघत म्हणाले, "एक दाँत टूट गइल." सगळे हसले. बाबांनी तो कागद खिशात घातला आणि पेटी घेऊन नमुन्यांच्या खोलीत गेले, कारण सकाळच्या बाटल्या अजून तिथे पोचवायच्या होत्या.

कापलेला तुकडा टेबलावर पडला होता. बडे बाबूंनी तो पात्याच्या टोकावर उचलून माझ्या हातावर ठेवला.

"लो बिटिया, ये तुम्हारा."

तो 'अ' माझ्याकडे अजून आहे. उलटा आहे, आणि तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा.